उपसंहाराची विद्या

महाभारताच्या सौप्तिकपर्वांत एक प्रसंग आहे. अश्वत्थाम्यानें ब्रह्मशिर अस्त्र सोडलें, अर्जुनानें त्यावर आपलें अस्त्र सोडलें, आणि दोहोंच्या ज्वाळांत जगाचा दाह होणार असें दिसतांच व्यास आणि नारद मध्यें येऊन उभे राहिले. दोघांनींहि आपापलें अस्त्र आवरावें, असें त्यांचें सांगणें पडलें. अर्जुनानें आवरलें, अश्वत्थाम्यास तें साधलें नाहीं. अस्त्र सोडण्याची विद्या दोघांसहि अवगत होती, उपसंहाराचें सामर्थ्य मात्र एकाच्याच अंगीं होतें. जें परत बोलावतां येईना तें अस्त्र अखेर उत्तरेच्या गर्भावर गेलें.

संगणकविद्येचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास चाळतांना हा प्रसंग आम्हांस वारंवार आठवला. त्या विद्येंत काम सुरू करणें फार सोपें आहे. एक ओळ लिहिली कीं काम धावूं लागतें. परंतु एकानें सुरू केलेलें काम दुसऱ्यानें मध्येंच, कोणाचीहि हानि न होऊं देतां, थांबवावें कसें, या प्रश्नाचें उत्तर मोठमोठ्यांस प्रथम चुकलें. तें चुकल्याचें त्यांतील कित्येकांनीं पुढें उघड कबूल केलें, दिलेलें साधन परत घेतलें, आणि नव्यानें विचार केला. या चुकीचा व कबुलीचा इतिहास हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा विषय तज्ज्ञांचा, आपणांस त्याचें काय, असें वाचकांनीं म्हणूं नये. आमच्याच घरीं एकदां विजेचें बिल फोनवरून भरतांना पडद्यावरील चक्र फिरतच राहिलें. म्हणून घरच्या मंडळींनीं 'रद्द करा' हें बटण दाबलें, 'रद्द झालें' अशीं अक्षरें उमटलीं, आणि बिल पुन्हां भरलें. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों पैसे दोनदां गेलेले! ते पुढें परत मिळाले, त्यामुळें आमची तक्रार पैशांची नाहीं. जें रद्द झालें नव्हतें तें रद्द झालें असें यंत्रानें कां सांगितलें, हा प्रश्न मात्र मनांत राहिला, आणि त्याचा माग काढतां काढतां आम्ही या इतिहासापर्यंत येऊन पोंचलों.

प्रथम थोडी परिभाषा सांगितली पाहिजे. संगणकांत चालणाऱ्या स्वतंत्र कामास 'प्रोसेस' म्हणतात. तिला आपण एक बिऱ्हाड समजूं. तिची स्मृति तिची स्वतःची आणि तिच्या भिंतीहि स्वतःच्या. एकाच बिऱ्हाडांत, त्याच स्मृतींत वावरून, जे अनेक कर्ते एकाच वेळीं निरनिराळीं कामें करतात त्यांस 'थ्रेड' म्हणतात; त्यांस येथें आम्ही धागे म्हणूं.

आतां एखाद्या पेढीवर चार कारकून एकाच खतावणीवर काम करीत आहेत असें समजा. दोघांनीं एकदम एकाच पानावर लिहूं नये म्हणून नियम असा, कीं ज्याला लिहावयाचें त्यानें खुंटीवरची किल्ली घ्यावी, कपाट उघडावें, लेखन पुरें करावें, आणि किल्ली पुन्हां खुंटीला लावावी. एक कारकून गोविंदाच्या खात्यांतून शंभर रुपये वजा करतो, ते रामाच्या खात्यांत जमा करणार, इतक्यांत मालक येऊन त्याला मानगुटीस धरून बाहेर काढतो. किल्ली त्याच्याच खिशांत राहिली, तर बाकीचे तिघे खुंटीकडे पाहत बसतील. ती त्याच्या खिशांतून काढून खुंटीला लावली, तर दुसरा कारकून खतावणी उघडील आणि शंभर रुपये कोणाच्याच नांवावर नाहींत हें न कळतां पुढचा हिशेब लिहूं लागेल. पहिल्या प्रकारांत पेढी बंद पडते. दुसऱ्यांत ती चालू राहते आणि खोटी होते. हे दोन प्रकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील इतिहास बराच काळ यांच्याच मध्यें हेलकावे खात आहे.

१९६१ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत फर्नांदो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकच यंत्र अनेकांनीं वांटून वापरण्याची व्यवस्था करून दाखविली. अनेक माणसें आपापल्या टंकयंत्रापाशीं बसून एकाच यंत्राकडून काम घेऊं लागल्यावर, आपला बहकलेला प्रोग्रॅम थांबविण्याची सोय ज्याच्या त्याच्या हातीं असणें अवश्य झालें. परंतु तेथें प्रश्न सोपा होता. थांबवावयाचें म्हणजे बिऱ्हाडच्या बिऱ्हाड मोडावयाचें. भिंतीआडची स्मृति टाकून दिली कीं शेजाऱ्यास धक्का लागण्याचें कारण उरत नसे.

अडचण होती ती उंबरठ्यावर. बिऱ्हाडकरूनें यंत्राच्या मूळ व्यवस्थेकडे एखादें लांबलचक काम सोंपविलें असतां मध्येंच इशारा आला तर काय करावें? या प्रश्नावरील एक वाद रिचर्ड गॅब्रिएल यांनीं १९८९ सालीं लिहिलेल्या व पुढें १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखांत सांगितला आहे. एम्. आय्. टी. च्या पक्षाचें म्हणणें असें, कीं व्यवस्थेनें सर्व पाऊलखुणा पुसून मागें यावें आणि काम जणूं मागितलेंच नव्हतें अशी स्थिति करून द्यावी. हेंच एक योग्य. युनिक्सच्या पक्षाचें म्हणणें असें, कीं एवढी यातायात कशाला? 'काम पुरें झालें नाहीं' असा दोषांक परत द्यावा. ज्याला गरज असेल तो पुन्हां मागेल. पहिल्या पक्षाकडे शुद्धता होती, दुसऱ्याकडे सोपेपणा. युनिक्सचा प्रसार झाला आणि तो दोषांक जगभर गेला; परंतु तो तपासून पाहण्याचा भार सामान्य प्रोग्रॅमरच्या शिरावर पडला, आणि पुष्कळांनीं तो उचललाच नाहीं. यंत्रानें पतकरलेली सवड माणसाच्या दक्षतेवर कशी येऊन पडते, याचें हें पहिलें उदाहरण.

यापूर्वींच सामायिक स्मृतीचा प्रश्न वेगळ्या वाटेनें पुढें आला होता. हॉलंडांतील एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं, सहकार्य करणाऱ्या अनेक कामांपैकीं एका वेळीं एकासच नाजूक भागांत प्रवेश मिळावा यासाठीं 'सेमाफोर' नांवाची युक्ति मांडली. हें नांव आगगाडीच्या हात्याच्या सिग्नलचें. पुढें पेर ब्रिंक हान्सेन व टोनी होअर यांनीं 'मॉनिटर' ही अधिक व्यवस्थित रचना सुचविली. होअर यांचा त्यावरील प्रसिद्ध निबंध १९७४ चा. किल्ली आणि खुंटी यांचा बंदोबस्त असा झाला. मात्र या सर्व विचारांत एक गृहीत होतें: ज्यानें किल्ली घेतली तो ती स्वतःच्या हातानें परत करील. त्याला मध्येंच कोणी ओढून नेलें तर काय, हा प्रश्न पुढच्या पिढीकडे आला.

त्या पिढीनें प्रथम बळाचा मार्ग धरला, आणि तें स्वाभाविक होतें. ज्यानें काम सुरू केलें त्याला तें मोडण्याचाहि अधिकार आहे, ही कल्पना मालकीच्या कल्पनेइतकीच जुनी आहे. १९८३ च्या एडा भाषेंत दुसरें काम मोडून टाकण्याची आज्ञा होती. विंडोज एन्. टी. मध्यें धागा जागच्या जागीं तोडण्याची सोय होती, आणि ती पेढीच्या पहिल्या प्रकारची: तोडलेल्या धाग्याजवळची किल्ली त्याच्याबरोबरच नाहींशी होते. तो धागा त्या क्षणीं स्मृतीचा तुकडा मागून घेत असेल तर स्मृतिभांडाराचीच किल्ली जाते, आणि मग त्या बिऱ्हाडांतील कोणासच नवी स्मृति मिळत नाहीं. ही सोय धोक्याची आहे असें तिच्या निर्मात्यांनीं आपल्या माहितीपत्रकांत लिहून ठेवलें आहे. जें वापरूं नये तें दिलें कां, असें वाचक विचारतील. आम्हीहि तेंच विचारतों.

१९९५ सालीं धाग्यांसंबंधीं 'पोझिक्स' नांवाचा जो प्रमाणग्रंथ ठरला, त्यांत मात्र या प्रश्नाचा सूक्ष्म विचार दिसतो. रद्द करण्याचे तेथें दोन प्रकार मानले आहेत. एक तत्काळचा, म्हणजे कोणत्याहि क्षणीं तुटणारा. दुसरा प्रलंबित, म्हणजे मागणी नोंदवून ठेवावयाची आणि धागा ठराविक विश्रामस्थानीं पोंचला म्हणजे ती अमलांत यावयाची. कोणी कांहीं न सांगितल्यास दुसराच प्रकार लागू होतो. वाट पाहणें, वाचन करणें, झोंप घेणें अशीं स्थानें विश्रामस्थानें म्हणून ठरविलीं. किल्ली मागण्याचें स्थान मात्र त्यांतून मुद्दाम वगळलें. शिवाय धाग्यानें जातां जातां करावयाच्या आवराआवरीची यादी आधींच लिहून ठेवण्याची सोय केली, आणि ती यादी उलट्या क्रमानें, म्हणजे शेवटीं उघडलेलें प्रथम बंद, अशी चालते. तत्काळच्या प्रकारांत सुरक्षितपणें वापरतां येतील अशा क्रिया किती, तर अवघ्या तीन. आणि त्या तिन्ही रद्दबातलीच्या व्यवस्थेसंबंधींच्याच! ज्या स्वातंत्र्यांत हात हलविण्यासहि जागा नाहीं, तें स्वातंत्र्य ग्रंथांत असून नसल्यासारखेंच होय.

आतां या इतिहासांतील मुख्य प्रकरणाकडे वळूं. १९९६ च्या आरंभीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें जावा नांवाची भाषा प्रसिद्ध केली. ती थोड्याच वर्षांत जगभर पसरली, आणि धाग्यांचा वापर सामान्य प्रोग्रॅमरच्या हातीं आला तो बऱ्याच अंशीं तिच्यामुळें. तींत धागा थांबविण्यासाठीं 'स्टॉप' नांवाची क्रिया होती. विंडोजच्या पद्धतींतील दोष टाळावा म्हणून कीं काय, येथें उलट व्यवस्था केली होती: थांबविलेल्या धाग्यावर 'थ्रेडडेथ' म्हणजे धाग्याचा मृत्यु या नांवाचा अपवाद टाकावयाचा, तो अपवाद धाग्याच्या कामाचे सर्व थर उलगडीत वर जाणार, आणि जातां जातां त्याच्या हातांतील सर्व किल्ल्या खुंटीला लावणार. वरवर पाहतां हें किती सुसंस्कृत! पेढी बंद पडत नाहीं. कोणी अडकून राहत नाहीं.

पण हा पेढीचा दुसरा प्रकार होय. किल्ली सुटली, हिशेब मात्र अर्धाच राहिला. ज्या वस्तूभोंवतीं कुलूप होतें ती मोडक्या स्थितींत सर्वांस खुली झाली, आणि ती मोडकी आहे हें सांगणारें कोणीहि उरलें नाहीं. तो अपवाद कसलीहि वाच्यता न करतां धाग्यास घेऊन जात असे. परिणाम तासांनीं किंवा दिवसांनीं, अगदीं भलत्याच ठिकाणीं दिसावा, आणि शोधणाऱ्यानें निरपराध ओळींकडे बोट दाखवावें, अशी अवस्था. बंद पडलेल्या पेढीवर निदान टाळें तरी दिसतें. खोट्या झालेल्या पेढीवर दिवा लागलेला असतो आणि गिऱ्हाईक आंत जात असतें. आमच्या मतें दुसरें संकट पहिल्याहून अधिक घातक आहे.

१९९८ च्या डिसेंबरांत जावाची १.२ ही आवृत्ति निघाली, आणि तींत या क्रियेवर 'वापरूं नये' असा शिक्का मारला गेला. निर्मात्यांनीं नुसता शिक्का मारला नाहीं, कारणेंहि लिहिलीं. आणि तें लेखन आम्हांस या इतिहासांतील सर्वांत प्रामाणिक पान वाटतें. तो अपवाद मध्येंच पकडून मोडलेली वस्तु दुरुस्त कां करूं नये, असा प्रश्न त्यांनीं स्वतःच उपस्थित केला आणि स्वतःच उत्तर दिलें. हा अपवाद जवळजवळ कोणत्याहि ओळीवर येऊं शकतो. म्हणून प्रत्येक ओळीवर 'येथें तुटल्यास काय' याचा विचार करावा लागेल. शिवाय दुरुस्ती चालू असतांनाच दुसरा तसाच अपवाद येऊं शकतो; मग दुरुस्तीची दुरुस्ती, आणि तिचीहि दुरुस्ती! मनुष्याच्या बुद्धीस जें पेलणार नाहीं तें त्याच्यावर लादूं नये, हा या उत्तराचा मथितार्थ होय.

दिलेलें अस्त्र परत घेणें किती कठीण असतें, हेंहि पुढें दिसून आलें. शिक्का १९९८ चा; परंतु जुने प्रोग्रॅम मोडूं नयेत म्हणून ती क्रिया भाषेंत तशीच राहिली. २०२३ च्या मार्चमध्यें आलेल्या जावा २० मध्यें ती अखेर निकामी झाली. त्या आवृत्तींत ती वापरूं जाणाऱ्यास 'हें काम येथें होत नाहीं' एवढेंच उत्तर मिळूं लागलें. जवळजवळ तीन वर्षांत चूक कळली, ती हातावेगळी होण्यास आणखी चोवीस वर्षें लागलीं.

मग बळाच्या जागीं आलें काय? विनंती. ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संशोधनशाळेंत अँड्र्यू बिरेल व त्यांचे सहकारी यांच्या धाग्यांच्या व्यवस्थेंत, १९८० नंतरच्या दशकांतच, 'अलर्ट' नांवाची सूचना होती. बिरेल यांनीं १९८९ च्या आपल्या सुबोध पुस्तिकेंत ती समजावून दिली आहे. दुसऱ्या धाग्यास सूचना द्यावयाची; त्यानें ती आपल्या सवडीच्या जागीं पाहावयाची, किंवा तो वाट पाहत असेल तर तीमुळें जागें व्हावयाचें; आणि आवराआवर करून निघावयाचें. जावांतील 'इंटरप्ट' हीहि अशीच सूचना. मालक कारकुनाच्या मानगुटीस धरीत नाहीं. 'हातचें पान पुरें करा आणि उठा' असें म्हणतो.

या निर्णयाविरुद्ध एक बुद्धिमान पक्ष आहे, आणि त्याचें म्हणणें न सांगणें अन्यायाचें होईल. २००१ सालीं सायमन मार्लो, सायमन पेटन जोन्स, अँड्र्यू मोरन व जॉन रेपी यांनीं हॅस्केल भाषेंत बाहेरून येणारा अपवाद सुरक्षित कसा करतां येईल हें दाखविलें. त्या भाषेंतील बहुतेक गणन कोणतीहि वस्तु बदलीत नाहीं. मग तें मध्येंच तुटलें तरी मोडणार काय? जेथें वस्तु बदलते तेवढ्या थोड्या भागाभोंवतीं आडपडदा लावावा, आणि तेवढ्या वेळापुरता अपवाद दाराबाहेर थांबवावा. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. परंतु त्यानें मूळ सिद्धान्त मोडत नाहीं, उलट दृढ होतो. ज्याच्या हातीं सामायिक खतावणीच नाहीं त्या कारकुनास केव्हांहि उठवावें. ज्याच्या हातीं ती आहे त्याला मात्र नाहीं.

मायक्रोसॉफ्टचा प्रवासहि याच दिशेनें झाला. २००२ च्या त्यांच्या डॉटनेट व्यवस्थेंत धागा बळानें मोडण्याची क्रिया होती. २०१० च्या चौथ्या आवृत्तींत 'कॅन्सलेशन टोकन' आलें. आणि २०२० च्या पांचव्या आवृत्तींत त्या जुन्या क्रियेवर 'कालबाह्य' असा शेरा पडला. टोकनाच्या रचनेंतील एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. रद्द करण्याचा अधिकार एका वस्तूकडे आणि रद्द झाल्याचें पाहण्याची सोय दुसरीकडे, अशी तेथें फारकत केली आहे. ज्याला टोकन मिळालें तो तें पाहूं शकतो, दुसऱ्यास देऊं शकतो. स्वतः मात्र रद्दीचा हुकूम सोडूं शकत नाहीं. गो भाषेंत बाहेरून धागा तोडण्याची सोय मुळींच ठेविली नाहीं. तेथें २०१४ सालीं गूगलनें मांडलेली आणि २०१६ च्या १.७ आवृत्तींत मूळ ग्रंथालयांत आलेली 'कॉन्टेक्स्ट' नांवाची वस्तु एका क्रियेकडून दुसरीकडे जाते. मूळ रद्द झालें कीं त्याच्या सर्व शाखांस तें कळतें. सी प्लस प्लस भाषेनें २०११ सालीं धागे दिले ते या सोयीवांचून; २०२० च्या आवृत्तींत 'स्टॉप टोकन' आलें, तेंहि विनंतीच्याच स्वरूपाचें.

यापुढील पाऊल कुटुंबव्यवस्थेचें आहे. नॅथॅनिएल स्मिथ यांनीं २०१८ सालीं आपल्या लेखांतून असा आग्रह धरला, कीं ज्यानें उपकामें सुरू केलीं त्यानें तीं सर्व संपेपर्यंत, किंवा रद्द होऊन आवरेपर्यंत, स्वतः निघून जाऊं नये. एक मूल अपयशी झालें तर भावंडांस थांबण्याची सूचना जावी, आणि सर्वांचा हिशेब पाहिल्यावरच वडिलांनीं दार लावावें. याच वर्षीं स्थिर झालेल्या कोटलिन भाषेच्या कोरूटीन्समध्यें अशीच घडण आहे, आणि २०२२ च्या जावा १९ मध्यें ती प्रायोगिक म्हणून आली.

विनंतीच्या मार्गानें सर्व संपलें, असें मात्र नाहीं. विनंती ऐकणारा पाहिजे. ज्या धाग्यानें ती पाहण्यासाठीं कोठें थांबावयाचेंच ठरविलें नाहीं, त्याच्यापुढें ती व्यर्थ आहे. आणि सूचना मिळाल्यावर ती गिळून टाकून काम तसेंच पुढें रेटणारा प्रोग्रॅम हा जावाच्या जगांतील नित्य आढळणारा दोष आहे. वारंवार पाहावें तर वेळ जातो, क्वचित् पाहावें तर थांबविणारा तिष्ठतो. ज्या परक्या कोडावर मुळींच विश्वास नाहीं, त्याला धागा म्हणून घरांत घेऊंच नये. वेगळें बिऱ्हाड द्यावें आणि वेळ पडल्यास तें सबंध मोडावें, हाच त्यावर खरा उपाय. १९६१ ची भिंत येथें पुन्हां उपयोगी पडते.

आणि सर्वांत अवघड गोष्ट ही, कीं विनंती व समाप्ति यांची नेहमीं शर्यत असते. 'थांबा' हा शब्द निघाला तोंवर काम पुरेंहि झालें असेल. काम आपल्या यंत्रांत असेल तर पाऊल मागें घेतां येईल; परंतु पैसे दुसऱ्या बँकेंत पोंचले असतील तर येथील कोणताहि धागा थांबवून ते परत येत नाहींत. तेथें नवें, उलट काम करावें लागतें, आणि त्याला रद्द करणें म्हणत नाहींत, परतफेड म्हणतात. म्हणून जाणते प्रोग्रॅमर 'रद्द करण्याची विनंती केली', 'रद्द झालें', आणि 'रद्द होण्यापूर्वींच पुरें झालें' या तीन अवस्था निरनिराळ्या ठेवतात. आमच्या घरच्या प्रसंगीं नेमकें काय घडलें तें येथें उलगडतें. वाट पाहणारा धागा थांबला असावा, पैसे नेणारें काम थांबलें नसावें, आणि पडद्यावर मात्र पहिल्याच्या थांबण्यास दुसऱ्याचें नांव दिलें गेलें.

कांहीं लोक विनंतीच्या या मार्गास दुबळेपणा समजतात; यंत्रास कसली विनंती, असें ते विचारतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याच्या हातीं सामायिक वस्तु आहे त्याच्या कामाचा नाजूक क्षण कोणता, हें त्या कामाखेरीज दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें. हें सत्य ध्यानांत आल्यावर, थांबण्याचा क्षण निवडण्याचा अधिकार थांबणाऱ्याकडे देण्यांत शहाणपणच आहे. मात्र त्या अधिकाराबरोबर ऐकण्याचें आणि खरें सांगण्याचें कर्तव्य येतें. असो. पडद्यामागें कोणती भाषा आणि कोणतें टोकन आहे हें घरोघरच्या माणसांस कळण्याचें कारण नाहीं. ज्या कामाचें काय झालें हें यंत्रास अद्याप ठाऊक नाहीं, त्याविषयीं त्यानें 'अद्याप ठाऊक नाहीं, थोडें थांबा, पुन्हां पैसे भरूं नका' एवढें लिहावें, इतकेंच आमचें मागणें आहे.